लुटुपुटीचे किरण

मराठी मासिक वाचताना शिरोरेखा मध्येच वाकू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. ओळ सुरुवातीला सरळ, शेवटीही सरळ, पण ज्या शब्दाकडे मी बघत असेन तिथे ओला टॉवेल टाकलेल्या दोरीसारखी खाली आलेली. वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत शिरलेल्या. इंग्रजी पेपर वाचताना हे इतकं लक्षात आलं नव्हतं. तिथे अक्षरं सुटी, वर रेघ नाही. उजवा डोळा झाकला की वाकडं दिसायचं, डावा झाकला की सगळं ठीक. चष्मा पुसून झाला, दिवा बदलून झाला, शेवटी इथे लंडनमध्ये, हॅरोमधल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने चौकटींचा एक कागद समोर धरला, मी रेघा कुठे वाकतात ते बोटाने दाखवलं, आणि तिने तिथूनच रुग्णालयाला फोन लावला.

निदान झालं ते असं: वयामुळे होणारा मॅक्युलाचा ऱ्हास, त्यातला ओला प्रकार. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. ओल्या प्रकारात त्याच्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, पाणी साचतं, कधी रक्तही. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. त्यामुळे बाकीच्यांना काही झालंय असं वाटतच नाही. बरणीत मीठ आहे की साखर हे चाखून बघायची वेळ आपल्यावर येते, ते त्यांना कुठे दिसतं!

उपाय होता. रॅनिबिझुमॅब नावाचं औषध डोळ्यात टोचायचं. नव्या रक्तवाहिन्यांना वाढा म्हणून सांगणारं एक प्रथिन असतं, त्याला हे औषध अडवतं. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये परवानगी मिळाली, इथल्या सरकारी आरोग्यसेवेत ते २००८ मध्ये सर्रास द्यायचं ठरलं. त्याआधीच्या मसुद्यात तर दोन्ही डोळ्यांना आजार असेल तर त्यातल्या बऱ्या डोळ्यालाच द्यावं असं सुचवलं होतं, आणि त्यावर बराच गदारोळ झाला होता. म्हणजे मी थोडी उशिरा आजारी पडले ते बरंच झालं म्हणायचं.

डोळ्यात सुई म्हटलं की ऐकणारा स्वतःचे डोळे मिटून घेतो. खरं सांगायचं तर सुईचं विशेष काही वाटत नाही. आधी बधिर करणारे थेंब, मग आयोडीनने डोळा धुणं, मग पापण्या उघड्या ठेवायला तारेची क्लिप. "वर बघा." पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेपासून चारेक मिलिमीटरवर, एक दाब जाणवतो आणि संपतं. त्यानंतर नजरेसमोर काळे बुडबुडे गटांगळ्या खात फिरतात, ते दुसऱ्या दिवशी जातात. त्रास होतो तो आयोडीनचा. संध्याकाळभर डोळ्यात मिरचीचा हात लागल्यासारखं होतं. आणि त्याहून त्रास होतो तो हे कधी संपणारच नाही याचा. औषधाचा असर महिना-दीड महिन्यात ओसरतो, पाणी परत येतं, परत सुई. दर वेळी बाहुली मोठी करणारे थेंब, दर वेळी स्कॅन, दर वेळी मुलीची रजा नाहीतर आमच्या ह्यांची गाडी, आणि वेटिंग रूममधली ती टीव्हीची बडबड.

मंडळात कुणी ना कुणी गाजराचा रस सुचवायचंच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. सल्ले देण्याची परंपराही तितकीच जुनी असावी. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर अमेरिकेत मोठे अभ्यास झालेत. त्यांचा उपयोग मधल्या टप्प्यावरचा कोरडा, म्हणजे न पाझरणारा, आजार पुढे सरकू नये म्हणून होतो. आधीच ओल्या झालेल्या डोळ्याला त्या वाळवत नाहीत. आणि गाजरातलं बीटा कॅरोटिन धूम्रपान करणाऱ्यांना घातक ठरतं म्हणून २०१३ च्या अभ्यासानंतर त्या गोळ्यांत ल्युटिन घालू लागले. एवढं सांगून झालं की समोरचा म्हणायचा, "तरी पण प्यायला काय हरकत आहे?" प्यायला हरकत नव्हतीच.

२०१६ च्या उन्हाळ्यात क्लिनिकमधल्या संशोधन विभागाच्या नर्सने मला बाजूच्या खोलीत बोलावलं. 'स्टार' नावाची एक चाचणी चालू होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्राध्यापक टिमथी जॅक्सन तिचे प्रमुख, आणि ब्रिटनमधली तीस रुग्णालयं तिच्यात सामील. ज्यांना आधीपासून इंजेक्शनं चालू आहेत आणि तरी ज्यांच्या पडद्याखाली पाणी परत परत येतं, अशी माणसं त्यांना हवी होती. प्रश्न असा: इंजेक्शनांच्या जोडीला एकदाच, एकाच डोळ्याला, क्ष-किरणांचा अगदी नेमका मारा केला तर पुढची इंजेक्शनं कमी होतील का?

कल्पना मला पटली. सुईतलं औषध पाझर थांबवतं, पण ती वाढलेली जाळी तिथेच राहते आणि औषध संपलं की परत पाझरू लागते. किरणांचा मारा बसतो तो वेगाने वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे त्या नव्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, सूज आणणाऱ्या आणि व्रण करणाऱ्या पेशींना. एक नळ बंद करणार, दुसरा पाइपच सुकवणार. आधीच्या 'इंट्रेपिड' नावाच्या अभ्यासात, युरोपातल्या २३० जणांवर, पहिल्या वर्षी इंजेक्शनं साधारण एक तृतीयांशाने कमी लागली होती. पण किरणांचाच एक वेगळा प्रकार फसलाही होता: त्यात शस्त्रक्रिया करून स्ट्राँशियमची कांडी थेट डोळ्यात, पडद्याजवळ धरायचे. म्हणजे किरण म्हटले की झालंच काम, असंही नव्हतं.

माहितीपत्रकाची चांगली जाडजूड चवड होती. मी आयुष्यभर कौन्सिलच्या हिशेब खात्यात काढलेलं, त्यामुळे बारीक टाइप वाचायची सवय. आता फक्त तो भिंगातून वाचावा लागत होता. किरण तीन दिशांनी, बुबुळाच्या खालच्या पांढऱ्या भागातून आत जाणार आणि तिन्ही मॅक्युलावर एकत्र येणार. वाटेत डोळ्याचं भिंग नाही, दृष्टीची नस नाही. एकूण मात्रा १६ ग्रे (ग्रे हे किरणांचं माप). धोका काय, तर पडद्यातल्या चांगल्या, बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा होऊ शकते, आणि ती उशिरा, वर्षं-दोन वर्षांनी दिसते. म्हणून चार वर्षं बघत राहणार.

आणि मग ते कलम: तिघांतल्या दोघांना खरे किरण, तिसऱ्याला लुटुपुटीचे. कुणाला काय ते संगणक ठरवणार. लुटुपुटीवाल्यालाही त्याच खुर्चीत बसवायचं, डोळ्यावर तीच कडी लावायची, यंत्राने तसाच आवाज करायचा, फक्त किरण सोडायचे नाहीत. मला सांगणार नाहीत. दर महिन्याला माझी अक्षरं तपासणारीला सांगणार नाहीत. इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

"मग जातेस कशाला?" हे म्हणाले. "इतक्या लांब जायचं आणि नुसता आवाज ऐकून यायचं?"

सांगलीहून वन्संचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. "वहिनी, डोळ्याला लाईट घेणार तुम्ही? अहो, लाईट कॅन्सरला देतात!" आमच्याकडे लाईट घेणं, शेक घेणं म्हणजे कॅन्सरच; दुसरा अर्थच नाही.

ह्यांचा प्रश्न मात्र योग्य होता, आणि मी तो नर्सला तसाच विचारला. ती म्हणाली, इंजेक्शन दोन्ही गटांना मिळतं. पाणी आलं की टोचणार, लुटुपुटीवाल्यांनाही. कुणाचंही आहे ते उपचार काढून घेत नाहीत. आणि लुटुपुटी ठेवली नाही तर किरण मिळालेले सगळे जण आशेवरच दोन अक्षरं जास्त वाचतील, आणि डॉक्टरही एखादं इंजेक्शन "राहू दे या वेळी" म्हणतील. मग ते कमी झालेलं इंजेक्शन किरणांचं की आशेचं, कसं सांगणार? हिशेबात आम्ही दुसऱ्या माणसाकडून पडताळा घ्यायचो, तो पहिल्याचे आकडे न बघता. त्यातलाच प्रकार. मी सही केली. ह्यांना पटलं नाही, पण गाडी चालवायला तयार झाले.

सही केल्यावर लगेच किरण नाहीत. आधी दिवसभराच्या तपासण्या. अक्षरांचा तक्ता चार मीटरवर, दिव्याच्या पेटीत. एका ओळीत पाच अक्षरं, खाली लहान लहान होत जाणारी. डाव्या डोळ्याला वेगळा तक्ता, उजव्याला वेगळा, त्यामुळे पाठ करायची सोय नाही. दिसत नसलं तरी अंदाजाने सांगा, म्हणत राहतात. मान कलती केली की मला कडेने अक्षर दिसायचं, आणि ती मुलगी दर वेळी गोड आवाजात "मान सरळ, प्लीज" म्हणायची. मग शिरेतून पिवळा रंग सोडून पडद्याचे फोटो. त्या दिवशी मी हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी झाले आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत झगझगीत केशरी. आधी सांगितलं होतं म्हणून बरं.

किरणांचं यंत्र मोजक्याच ठिकाणी होतं, त्यामुळे ठरलेल्या दिवशी लंडनच्या दुसऱ्या टोकाला. मी मनात मोठं लोखंडी धूड धरून गेले होते. प्रत्यक्षात ते टेबलावरच्या डोळे तपासायच्या यंत्राचंच थोरलं भावंड निघालं. हनुवटी टेकवायची, कपाळ टेकवायचं, डोक्यामागून पट्टा. थेंबांनी डोळा बधिर केल्यावर बुबुळावर एक पारदर्शक कडी बसवली, आणि हलक्या ओढीने ती चिकटली. दुखलं नाही, पण आपला डोळा आपला राहिला नाही. वळवायला गेले तर वळेना. कडीवरच्या खुणांवरून यंत्र डोळ्याची जागा सतत बघत असतं आणि डोळा जरा सरकला की किरण आपोआप थांबतात, असं तंत्रज्ञ सांगत होती. ती बाहेर गेली. स्पीकरवरून म्हणाली, "पहिला." एक बारीक घूं... घूं... असा आवाज, मिनिटभर किंवा थोडा जास्त. थांबला. यंत्र किंचित सरकलं. "दुसरा." पुन्हा तेच. "तिसरा."

ना ऊब, ना प्रकाश, ना वास. मी पूर्ण वेळ लक्ष देऊन बसले होते की काहीतरी खूण सापडेल. कडी काढली, डोळ्यातून घळाघळा पाणी आलं, चहा आणि बिस्किटं मिळाली. सगळं मिळून अर्धा तासही गेला नसेल. बाहेर आल्यावर ह्यांनी माझ्या डोळ्यात वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "मिळालेत. लाल झालाय." डोळा कडीमुळे लाल झाला होता; तो दोन्ही गटांत होणार. पण ह्यांचं मत त्या क्षणी जे पक्कं झालं ते झालं.

मग दोन वर्षं दर महिना. इथे सांगण्यासारखं फार नाही. अक्षरं, थेंब, स्कॅन, निर्णय. पडद्याचा स्कॅन आता मलाही वाचता येऊ लागला होता: करड्या थरांत काळी पोकळी दिसली की पाणी, म्हणजे इंजेक्शन, थर सपाट असले की "आज घरी जा". काही महिने सलग घरी जा, मग अचानक दोनदा लागोपाठ सुई. प्रत्येक 'घरी जा'नंतर हे गाडीत म्हणायचे, "बघ, किरण!" सुई लागली की काही बोलायचे नाहीत.

त्याच काळात, २०१६ च्या डिसेंबरात, दुसऱ्या एका जोडीची बातमी आली. फोव्हिस्टा नावाचं औषध, तेही रॅनिबिझुमॅबच्या जोडीला टोचायचं. दोन वेगवेगळी प्रथिनं एकाच वेळी अडवायची. आधीच्या टप्प्यातल्या अभ्यासात भलतं चांगलं दिसलं होतं. शेवटच्या मोठ्या अभ्यासांत मात्र नुसतं रॅनिबिझुमॅब आणि दोन्ही मिळून, यात फरकच निघाला नाही. वेटिंग रूममधल्या एका आजोबांना ते माहीत होतं आणि ते फार खट्टू झाले होते. मला उलट बरं वाटलं. फसलेली जोडी फसली असं उघड सांगतात, म्हणजे आमचीही फसली तर सांगतील.

दोन वर्षांनंतर मी नेहमीच्या रुग्णांत परत गेले, फक्त तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी एकेक मोठी तपासणी. चौथी करोनाच्या दिवसांत आली. तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ, आणि हनुवटी टेकवायच्या जागी प्लास्टिकचा पडदा.

निकाल २०२४ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकूण ४११ जण होते आमच्यात. दोन वर्षांत खरे किरण मिळालेल्यांना सरासरी १०.७ इंजेक्शनं लागली, लुटुपुटीवाल्यांना १३.३. नजर दोन्ही गटांची सारखीच राहिली. किरणांमुळे ती जास्त घसरली नाही. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतले बदल मात्र किरणवाल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत दिसले. लुटुपुटीच्या गटातही तसे काही निघाले, कारण आजार स्वतःही तसली खूण ठेवतो. त्या बदलांमुळे दृष्टीला धक्का बसलेले अगदी मोजके.

मुलगी म्हणाली, "इतकं करून फरक फक्त अडीच-तीन इंजेक्शनांचा?" हिशेब खात्यात बसलेली बाई याला 'फक्त' म्हणणार नाही. एका माणसाच्या अडीच-तीन सुया म्हणजे एका क्लिनिकच्या शेकडो खुर्च्या मोकळ्या. पण सुई टोचून घेणारी बाई म्हणून विचाराल, तर मला आशा जास्त होती. मला वाटलं होतं एकदाच किरण आणि सुट्टी. शिवाय दरम्यान नवी औषधं आली. फॅरिसिमॅब हे एकटंच औषध दोन प्रथिनं अडवतं, फोव्हिस्टाला जे दुसऱ्या वाटेने जमलं नाही त्याच्या जवळपासचं काम एकाच रेणूत. २०२२ पासून ते इथे मिळतं आणि माझ्या दोन सुयांमधलं अंतर त्याने बरंच वाढवलं. किरण त्याच्या जोडीला घातले तर काय होईल, हे 'स्टार' सांगू शकत नाही. तिथे जोडीदार रॅनिबिझुमॅब होता.

मला स्वतःला खरे मिळाले होते की लुटुपुटीचे, ते अजून माहीत नाही. हे म्हणतात माहीत आहे.

आता पाळी वन्संची. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तिकडे इंजेक्शनचे पैसे बहुतेकांना खिशातून जातात, म्हणून आधी त्यांना स्वस्तातलं बेव्हॅसिझुमॅब दिलं, जे मुळात कर्करोगाचं औषध. मग भारतातच तयार होणारं रॅनिबिझुमॅब. अहमदाबादच्या इंटासने ते २०१५ मध्ये आणलं. पाणी हटेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमचा प्रकार वेगळा असावा: रक्तवाहिन्यांच्या टोकाला फुगे येतात तो, आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळणारा. त्याला जोडी वेगळी लागते, इंजेक्शन अधिक थंड लेसर. शिरेतून औषध द्यायचं आणि मंद लेसरने ते फक्त त्या फुग्यांपाशी जागं करायचं.

हे ऐकून मी चाटच पडले, कारण ही जोडी मला माहितीपत्रकं वाचतानाच्या दिवसांत भेटली होती, नापास म्हणून! युरोपात आणि अमेरिकेत नेहमीच्या ओल्या आजारावर ती लावून बघितली, तर नुसत्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नव्हती. पण आशियातल्या ३२२ जणांवर, फक्त या फुग्यांच्या प्रकारावर, 'एव्हरेस्ट दोन' नावाची चाचणी झाली. तिथे वर्षाअखेर जोडीवाल्यांना सरासरी ८.३ अक्षरं जास्त दिसू लागली, नुसत्या इंजेक्शनवाल्यांना ५.१. फुगे पूर्ण बंद झाले ते जोडीत ६९ टक्के लोकांचे, एकट्या इंजेक्शनाने ३५ टक्के. तीच दोन औषधं, फक्त डोळे निराळे. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू चुकीच्या देशात आजारी पडलीस."

फुगेच आहेत का, ते हिरव्या रंगाच्या तपासणीत दिसतं. माझ्या पिवळ्या रंगाचीच बहीण, शिरेतूनच देतात. वन्संना त्यासाठी पुण्याला बोलावलंय. काल फोनवर सगळं विचारून झालं: दुखतं का, सोबत कोण लागेल, अंग हिरवं होतं का. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "वहिनी, मला कोळंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं, हे काही त्यांना सांगायला नको ना?"

त्या रंगात आयोडीन असतं. म्हटलं, वन्सं, फोन ठेवा आणि आधी पुण्याला लावा. कोळंबीशी त्याचा संबंध असो नसो, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.